बोलणी खाणारा एजंट

पनवेलात जागेचा एजंट ओळखण्याची खूण सोपी होती. व्यवहार होईपर्यंत त्याचा फोन सारखा येत राहतो आणि व्यवहार झाला की आपला फोन त्याला लागेनासा होतो. आमचे हिराजीदादा या खुणेत बसत नव्हते. आम्ही फ्लॅट घेतला त्या इमारतीचं काम मध्येच बंद पडलं, तेव्हा ते दर रविवारी सकाळी त्या अर्धवट सांगाड्याच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसायला लागले. कशासाठी? तर ज्यांना ज्यांना त्यांनी तिथे घर घेऊन दिलं होतं, त्यांना येऊन आपल्याला बोलता यावं म्हणून. "लोकं लांबून बगायला येतात. कुनाला चार शब्द बोलल्याबिगर परत गेली, तर घरी जाऊन पोरांवर खेकसतील," असं त्यांचं म्हणणं. घरं दाखवणारे एजंट मी पुष्कळ पाहिले. बोलणी खायला वेळेवर हजर राहणारा हा एकच.

ते मूळचे पनवेलजवळच्या कोन गावचे. अंगाने आडवे, कपडे पांढरेशुभ्र आणि त्या पांढऱ्या पँटखाली बारा महिने रबरी चपला. इतर एजंट 'लोकेशन', 'ॲमेनिटीज' असले शब्द फेकायचे. हिराजीदादांनीही सुरुवातीला ते पाठ केले होते म्हणे, पण म्हणताना त्यांना स्वतःलाच हसू फुटायचं आणि गिऱ्हाईक बिचकायचं. मग त्यांनी तो नाद सोडला आणि आपल्या गावच्या बोलीतच घरं विकायला लागले.

आमच्या घरी त्यांना आणलं सासूबाईंनी. आम्ही तेव्हा जुन्या पनवेलात भाड्याने राहत होतो. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका, नवरा, म्हणजे सतीश, रसायनीला एका कारखान्यात. अकरा महिन्यांचा करार संपला की नवं घर, नवा मालक आणि नव्या सूचना. प्रत्येक मालकाची एक सूचना मात्र ठरलेली असायची: भिंतीला खिळा मारायचा नाही. त्यामुळे माझ्या सासऱ्यांचा फोटो कायम फ्रिजवर, भिंतीला टेकून उभा. फ्रिजचं दार जरा जोरात लागलं की तो सरकायचा आणि सासूबाई स्वयंपाकघरातून धावत येऊन फोटोलाच म्हणायच्या, "अहो, सांभाळा!" त्यांचं आयुष्यात आता एकच मागणं उरलं होतं. जिथे बेलाशक खिळा ठोकता येईल अशी एक भिंत.

एके दिवशी त्या बाजारात सुकटीच्या टोपलीपुढे उभ्या होत्या. घ्यावी की न घ्यावी अशा विचारात. शेजारी उभा असलेला पांढऱ्या कपड्यांतला माणूस म्हणाला, "मावशी, भाड्याच्या घरात राहता ना?" सासूबाई चमकल्या. तुम्हाला कसं कळलं म्हणाल्या. "सुकट ताजी हाय, भाव बरा हाय, तरी तुमी विचारात. म्हंजे मालकाला वास चालंल का, हाच विचार." सासूबाईंनी सुकट घेतली नाही, पण येताना हिराजीदादांना घेऊन आल्या.

सतीशला एजंट हा प्रकारच नको होता. जुनं घर असेल तर ठीक, मूळ मालक शोधायला माणूस लागतो. पण नवी इमारत, बिल्डरचं ऑफिस हमरस्त्यावर, आत एसी, टेबलावर इमारतीची छोटी प्रतिकृती आणि तिच्याभोवती रंगवलेल्या स्पंजची झाडं. मग मध्ये एजंट कशाला, असं त्याचं म्हणणं. त्याने ते हिराजीदादांच्या तोंडावरच सांगितलं. ते अजिबात रागावले नाहीत. "बरोबर हाय सायेब. घर घ्यायला एजंट लागत नाय. घर घेतल्यावर लागतो," म्हणाले. आम्हाला तेव्हा हे काही कळलं नाही. एजंट लोक काहीतरी बोलतातच, म्हणून आम्ही सोडून दिलं.

त्यांनी दाखवलेली जागा शिरढोणच्या अलीकडे होती. इमारतीचं नाव 'गगनवैभव'. फलकावर ती आभाळाला भिडलेली होती. प्रत्यक्षात चार मजल्यांची होणार होती, आणि त्या दिवशी तर नुसतं माळरान आणि त्यावर चुन्याच्या रेघा. हिराजीदादा एका रेघेपाशी थांबले, पायातल्या चपला काढल्या आणि मागे वळून म्हणाले, "हितं दार. चपला काढा." आम्ही तिघांनी त्या ढेकळांत चपला काढल्या. सतीशने तर बूट काढून मोजे खिशात घातले. मग हिराजीदादांनी आम्हाला हॉलमधून नेलं, मोरी दाखवली, स्वयंपाकघरात गॅस कुठे बसेल ते हाताने दाखवलं. सतीश हॉलमधून सरळ स्वयंपाकघराकडे चालायला लागला तर ओरडले, "सायेब, भिंतीतनं काय जाता! फिरून या." आणि सतीश खरोखरच फिरून आला.

सासूबाई एका जागी थबकल्या होत्या. "ही भिंत आमचीच ना?" त्यांनी विचारलं.

"तुमचीच."

"खिळा मारला तर चालेल?"

"धा मारा," हिराजीदादा म्हणाले. "मोजायला कोन येनार हाय?"

सासूबाई कपाळाच्या उंचीवर हवेत एका ठिकाणी बराच वेळ बघत राहिल्या. आमचं घर खरं तर तेव्हाच विकत घेऊन झालं. सासऱ्यांच्या फंडाची शिल्लक, माझे दागिने, बँकेचं कर्ज ही सगळी नंतरची धावपळ. खरं तर हा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होणार होता आणि हिराजीदादांनी तो जमिनीवर चालवून दाखवला होता. शिवाय डावं-उजवं हा त्यांचा कच्चा विषय. पुढे घर झालं तेव्हा कळलं, की त्यांनी हौसेने दाखवलेलं स्वयंपाकघर शेजाऱ्यांच्या वाट्याला गेलंय आणि आमचं त्याच्या बरोब्बर उलट्या बाजूला आहे. पण ती भिंत मात्र होती.

त्या काळात पनवेलच्या प्रत्येक जाहिरातीत विमानतळ दहा मिनिटांवर असायचा. विमानतळ झालेला नव्हता, पण दहा मिनिटांवर होता. हिराजीदादा या बाबतीत भलतेच स्पष्ट. "इमानाचं मला विचारू नका. रिक्षा कुठं भेटते ते विचारा," म्हणायचे आणि रिक्षाही तिथे भेटत नाही हे मग हळूच सांगायचे. पण इतक्या सरळ माणसातही एजंट शेवटी एजंटच. ताबा कधी मिळणार असं कुणी विचारलं, की त्यांच्या तोंडून एकच उत्तर सुटायचं, "गनपतीला. तुमचा गनपती तुमच्या घरात." हे इतक्या सहज यायचं, की ऐकणाऱ्याला पुढचं काही विचारायचं सुचायचंच नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या छताची स्लॅब ओतून झाली, विटांच्या भिंती चढल्या, वर सळ्या उभ्या राहिल्या आणि मंदी आली. जगात कुठेतरी कुठली तरी बँक बुडाली आणि शिरढोणच्या अलीकडे आमचा काँक्रीटचा मिक्सर बंद झाला. मजूर गावी गेले. हमरस्त्यावरच्या ऑफिसचं शटर एकदा खाली आलं ते वर गेलंच नाही. शेठचा, म्हणजे बिल्डरचा फोन बंद. काचेतून वाकून पाहिलं तर स्पंजची झाडं तेवढी दिसायची. मग आम्हाला हिराजीदादांच्या त्या 'घर घेतल्यावर एजंट लागतो' या वाक्याचा अर्थ लागला. त्यांचा फोन चालू होता. "सांगा वयनी, काय बोलायचंय ते सांगा," असं म्हणून ते ऐकत राहायचे. पण फोनवर शिव्या ऐकून समाधान होत नाही, देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचंही, असं त्यांचं मत पडलं. म्हणून ती रविवारची खुर्ची आली.

खुर्चीशेजारी पाण्याचा माठ ठेवलेला. ओरडून ओरडून घसा सुकतो, म्हणून. नियम एकच होता: "आईवरनं नाय. बाकी काय पन चालंल." निवृत्त पोस्टमास्तर जोशीकाका घरून मुद्दे काढून यायचे आणि शुद्ध मराठीत, एकही मुद्दा न वगळता, त्यांची खरडपट्टी काढायचे. मध्ये धागा तुटला तर हिराजीदादाच आठवण करून द्यायचे, "काका, लिफ्टचं राहिलं." शिवणकामाचं दुकान असलेले शेखभाई याच्या उलट. ते येऊन नुसते समोर उभे राहायचे, सांगाड्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "हिराजीभाई, इन्शाल्ला बोलून बोलून जबान थकली. आता छप्पर द्या." मग दोघे मिळून पाणी प्यायचे.

आमचा सतीश बोलायच्या बाबतीत कच्चा. सासूबाई त्याला दर रविवारी धाडायच्या. तो स्कूटरवर वाक्यं पाठ करत जायचा आणि दुपारी परत यायचा तो करंजा बंदराचे सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, किंवा पांढऱ्या कांद्याची माळ घेऊन. हिराजीदादांची बहीण करंजाला दिलेली होती, तिथून सोडे यायचे. "बोललास का?" सासूबाई विचारायच्या. "बोललो." "मग ते काय म्हणाले?" "सोडे आधी भाजून घ्या म्हणाले." असे दोन तीन रविवार गेल्यावर सासूबाईंनी पदर खोचला आणि त्या स्वतः निघाल्या. त्या काय बोलल्या ते मी ऐकलेलं आहे आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही. हिराजीदादा मान खाली घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मावशी, तुमी सायबांपेक्षा चांगलं बोलता. तुमीच येत चला."

आणि सासूबाई जायला लागल्या. हळूहळू सगळेच जायला लागले. आधी बोलणी, मग पाणी, मग कुणी आणलेले पोहे. जोशीकाकांच्या घरी कोण आजारी आहे, शेखभाईंच्या मुलीचं लग्न कुठे ठरलं, हे सगळं आम्हाला त्या फाटकावर कळायचं. घर नव्हतं, पण शेजारी झाले होते. मला अजूनही वाटतं, हा माणूस तिथे बसला नसता तर आम्ही वीसेक कुटुंबं एकमेकांना कधी भेटलोच नसतो. आपापल्या घरात, एकेकटे जळत बसलो असतो.

एकदा मी त्यांना विचारलं, "दादा, बाकीच्या एजंटांनी नंबर बदलले. तुम्ही का बसता?" ते आधी हसण्यावारी न्यायला लागले. मग म्हणाले, "वयनी, आमचा शेताचा एक तुकडा होता. मधल्या मानसानं बापाचा आंगठा घेतला. जमीन गेली. बाप रोज त्याच्या हापिसावर जायचा. कुलूप बगायचा, परत यायचा. शिव्या घालायला मानूस नाय भेटला त्याला. सगला राग पोटात ठेवून गेला." त्यांनी माठाचं झाकण नीट बसवलं. मग म्हणाले, "मी पन मधलाच मानूस झालो. पन मी हापिसात तरी हाय." त्यांना ऑफिस नव्हतं. माठ आणि खुर्ची हेच त्यांचं ऑफिस. मला त्या दिवशी त्यांना बोलायचं होतं, बँकेचा हप्ता सुरू झाला होता, पण मी माठातलं पाणी पिऊन परत आले.

आता पाटाची गोष्ट. दर वर्षी हिराजीदादा सवयीने "गनपतीला, मावशी, गनपतीला" म्हणायचे. आम्ही ते कानाआड करायला शिकलो होतो. त्या वर्षी सासूबाईंनी ते मनावर घेतलं. कुणाला न सांगता त्या एसटीने पेणला गेल्या आणि तिथल्या एका गणपतीच्या कारखान्यात आपला पाट देऊन आल्या. आपल्याकडे पाट दिला म्हणजे दिला. मूर्तिकार त्याच पाटावर मूर्ती बसवतो आणि तो पाट रिकामा परत आणायचा नसतो. "आजवर भाड्याच्या घरात आणला नाही, आता स्वतःच्या घरात आणायचा. हिराजी म्हणालेत ना गणपतीला," असं त्यांनी आम्हाला शांतपणे सांगितलं. सतीशने डोक्याला हात लावला. स्वतःच्या घराला तेव्हा खिडक्या नव्हत्या, दारं नव्हती, जिन्याला कठडा नव्हता.

रविवारी हे हिराजीदादांच्या कानावर घातलं. इतक्या वर्षांत कुणाच्याही शिवीने जे झालं नव्हतं ते झालं. ते खुर्चीतून उभेच राहिले. "मावशी! ते एजंटाचं बोलनं होतं! त्याच्यावर कुनी पाट देतं?"

"मी दिला," सासूबाई म्हणाल्या.

जोशीकाका म्हणाले, मूर्ती भाड्याच्या घरी बसवा. शेखभाई म्हणाले, माझ्या दुकानात जागा आहे. सासूबाईंनी दोघांनाही नाही म्हटलं. हिराजीदादा सांगाड्याकडे बघत उभे होते. मग त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "ठीक हाय. बोललो ना तुमच्या घरात. मंग तुमच्याच घरात बसवू."

चतुर्थीच्या आधीचे दिवस त्यांनी आणि बांधकामावर उरलेल्या एकट्या वॉचमनने मिळून आमचा दुसरा मजला झाडून काढला. जिन्याला बांबू आणि दोरी बांधली. कोनहून घमेली आली, ताडपत्र्या आल्या, भजनवाले ठरले. खिडक्यांच्या भोकांना शेखभाईंनी आपल्या दुकानातल्या कापडाचे पडदे शिवून लावले. गुरुजी धोतर सावरत, दोरीला धरून वर आले आणि "यजमान, उंबरठा कुठे आहे?" असं विचारते झाले. हिराजीदादांनी एक वीट आणून आडवी ठेवली. "हा घ्या. आनि चपला हितं." सासूबाईंनी त्या विटेला हळदकुंकू वाहिलं आणि आमचा गणपती आमच्या घरात आला. भिंतीच्या उघड्या विटा, वर न गिलावा केलेली स्लॅब, आणि मध्ये तो. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि मी ती लपवली नाही.

पण हिराजीदादांचा खरा डाव वेगळाच होता. ते शेठच्या बंगल्यावर जाऊन आले होते. बोलणी करायला नाही, आरतीचं आमंत्रण द्यायला. "बोलायला बोलवलं तर येनार नाय. आरतीला बोलवलं तर नाय म्हनायची टाप नाय," असं ते मला म्हणाले. आम्हा सगळ्यांना मात्र त्यांनी जिन्याखाली गोळा करून दम भरला. "आज शेठला कुनी काय बोलायचं नाय. ज्याला बोलायचं हाय त्यानं मला बोला." जोशीकाकांचा चेहरा पडला. इतक्या वर्षांचे मुद्दे तयार होते आणि ऐन वेळी ही आज्ञा.

संध्याकाळच्या आरतीला शेठ खरंच आले. दोरीला धरून वर चढले, विटेपाशी बूट काढले आणि अनवाणी आमच्या हॉलमध्ये उभे राहिले. पायाला खडी टोचत होती, ते मला दिसत होतं. समोर वीस कुटुंबं टाळ्या वाजवत आरती म्हणत होती आणि कुणीही त्यांच्याकडे रोखून बघत नव्हतं. आरती संपली. सासूबाईंनी त्यांच्या हातावर मोदक ठेवला. "सांभाळून हं, फरशी नाही अजून," म्हणाल्या. "पुढल्या वर्षी पण या. इथेच असेल." शेठ मोदक हातात धरून तसेच उभे राहिले. मग "येतो, आई," म्हणाले आणि खाली उतरताना जिन्याच्या दोरीकडे दोनदा वळून बघितलं त्यांनी. ते गेल्यावर सगळ्यांनी मिळून हिराजीदादांना घेरलं आणि शेठला न दिलेल्या सगळ्या शिव्या त्यांना दिल्या. ते मोदक खात ऐकत होते.

दिवाळीनंतर मिक्सर परत सुरू झाला. शेठला पाझर फुटला, असं सासूबाई म्हणतात. मंदी ओसरली होती, असं सतीश म्हणतो. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं. पुढच्या वर्षीचा गणपतीही फरशीविनाच बसला, पण भिंतींना प्लास्टर होतं आणि जिन्याला लोखंडी कठडा. शेठ परत आले होते, या वेळी मोदक मागून घेतला. ताबा मिळाला तो त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात.

किल्ली घेऊन हिराजीदादाच आले. सासूबाईंनी हातोडी आणि खिळा तयारच ठेवला होता आणि तो मान त्यांनी हिराजीदादांना दिला. दादांनी जागा विचारली, खिळा धरला, हातोडी मारली आणि नव्याकोऱ्या प्लास्टरचा बशीएवढा पोपडा खाली पडला. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "शेठला सांगून उद्याच भरून घेतो," म्हणायला लागले. "राहू द्या," सासूबाई म्हणाल्या, "खिळा बसलाय ना?" खिळा बसला होता. सासरे त्या पोपडा निघालेल्या जागेवर जाऊन टांगले गेले. फ्रिज त्या दिवशी कितीदा तरी उघडला, बंद केला. फोटो हलला नाही. जेवायला थांबा म्हटलं तर हिराजीदादांच्या खिशात इतरांच्या किल्ल्या खुळखुळत होत्या. "येतो की मावशी सवडीनं," म्हणाले आणि वरच्या मजल्यावर गेले.

ते काही आले नाहीत. आमचे रविवार मात्र ओस पडले. सवयीने सगळे खाली फाटकाशी जमायचे, पण बोलायचं कुणाला? मग पार्किंगवरून एकमेकांनाच बोलायला लागले. सासूबाई दर रविवारी एक पान जास्त वाढून ठेवायच्या, मग ते झाकून ठेवायच्या. "काम झालं, विसरले," म्हणायच्या. "शेवटी एजंटच." त्यांना ते फार लागलं होतं. घर मिळालं, पण ज्याच्यामुळे मिळालं तो त्या घरात एक घास जेवला नाही, ही बोच त्यांच्या मनातून जाईना.

आणि एका रविवारी सतीश कोनच्या बाजूला काही कामाने गेला होता, तो घाईघाईने परत आला. "आई, हिराजीदादा दिसले," एवढंच म्हणाला. काय करत होते, विचारलं तर म्हणाला, "तू स्वतःच बघ." सासूबाईंनी झाकलेलं पान डब्यात भरलं आणि आम्ही तिघं निघालो. मी सतीशच्या मागे स्कूटरवर, सासूबाई रिक्षात.

तिथे एक सांगाडा उभा होता. आमच्यापेक्षा मोठा, सळ्या गंजलेल्या, फलकावरचा रंग उडालेला. फाटकाला कुलूप. फाटकाशी खुर्ची, शेजारी माठ, आणि खुर्चीत हिराजीदादा. समोर दहा-बारा माणसं. एक तरुण तावातावाने बोलत होता, त्याची बायको मुलाला कडेवर घेऊन उभी होती आणि हिराजीदादा मान खाली घालून ऐकत होते. त्याचं संपेपर्यंत आम्ही थांबलो. मग मी जवळ जाऊन विचारलं, "दादा, ही पण तुम्हीच विकलीत?"

"नाय वयनी," ते हळूच म्हणाले. "ह्यात माजं काय नाय. ह्यांचा एजंट फोन घेत नाय. लोकं येतात, कुलूप बगतात, परत जातात. मंग म्हनलं, बसूया."

ज्यांना त्यांनी काही विकलं नव्हतं, त्या माणसांच्या शिव्या ते खात होते. सतीश दुसरीकडे बघायला लागला.

कडेवर मूल घेतलेल्या त्या बाईने सासूबाईंना विचारलं, "आजी, तुमचाही फ्लॅट इथेच अडकलाय का?"

"नाही गं," सासूबाई म्हणाल्या. "माझा दुसरीकडे अडकला होता. मिळाला."

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. तो तावातावाने बोलणारा तरुण पुढे आला. "मिळाला? बंद पडलेल्या बिल्डिंगमध्ये?" त्याचा आवाज एकदम उतरला होता. सासूबाईंनी मान डोलावली. त्या सरळ हिराजीदादांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. इतकी वर्षं त्या त्यांना अहोजाहो करत आल्या होत्या. "ऊठ रे हिराजी," त्या म्हणाल्या. "माझं पान दर रविवारी वाया जातंय. हा डबा घे, तिकडे सावलीत बस आणि आधी जेव."

"मावशी, ही लोकं..."

"लोकांचं मी बघते. ऊठ."

हिराजीदादा उठले. डबा दोन्ही हातांनी धरून कुंपणाच्या सावलीकडे गेले आणि आमच्याकडे पाठ करून बसले. बराच वेळ त्यांनी डबा उघडला नाही, नुसतेच डोळे पुसत बसले. सासूबाईंनी खुर्ची जराशी पुढे ओढली, पदर सावरला आणि तिच्यात बसल्या.

"हं," त्या जमलेल्या माणसांना म्हणाल्या, "तो जेवतोय. तोवर मला बोला."